डोंगरांची परवानगी

स्पर्धेचा निकाल अजून लागायचा आहे, म्हणून आभार आत्ताच मानून घेतो. निकालानंतर मानलेल्या आभारांचा भरवसा नसतो. जिंकलो तर ती फुशारकी वाटते, हरलो तर सांत्वन. आत्ता कसं, माल ताजा आहे.

आमची सूनबाई कवळ्या बनवते. दंतवैद्य लोकांच्या तोंडात लगदा दाबून जबड्याचं माप घेतात आणि ते आमच्या घरी पाठवतात. सूनबाई त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, त्यावर मेणात दात बसवते आणि शेवटी पक्की कवळी करून परत धाडते. घराची पुढची खोली तिच्या कामाची. पाहुण्यांना आधी फळीवर मांडलेले गावातले जबडे भेटतात, मग आम्ही. निम्मं गाव तिच्या हातच्या दातांनी जेवतं. हे पुण्य आमच्या घराण्याला नवीन आहे. याआधी आम्ही लोकांचं फक्त डोकं खात आलो.

दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडासाठी राबणाऱ्या या मुलीने फावल्या वेळात एक जग तयार केलं. त्या जगात डोंगर चालतात. हवा बदलली की उठतात आणि पाठीवरच्या गावांसकट दुसरीकडे जाऊन बसतात. लेकीचं सासर काल समोरच्या डोंगरावर होतं, आज कुठे आहे कुणाला ठाऊक! खेळणाऱ्यांनी टपालवाले व्हायचं, फासे टाकायचे आणि चालत्या पत्त्यांवर पत्रं पोचवायची. वाटेत राक्षस, चेटकिणी, दरोडेखोर ही मंडळी आपापल्या नेमणुकीप्रमाणे भेटतात.

रविवारी दुपारी आम्ही घरचे हा खेळ खेळतो. मी चेटूक करणारा टपालवाला, मुलगा तलवारबाज टपालवाला आणि आमची ही वाटेतली राक्षसीण. हिचा सगळा संताप हल्ली त्या राक्षसिणीच्या खात्यात जमा होतो. त्याबद्दल मी सूनबाईचा आजन्म ऋणी आहे.

अशात खेळ छापणाऱ्या एका प्रकाशनाने खुली स्पर्धा जाहीर केली. कुणीही आपल्या मनातलं जग पाठवावं. वर्णन, नियम आणि नकाशा. निवडलेल्या जगाचा खेळ ते स्वतः छापून दुकानात आणणार.

"बाबा, पाठवू का?" सूनबाईने विचारलं. "छापू नका म्हणावं हवं तर, पण कुणा परक्या माणसाने एकदा अथपासून इतिपर्यंत वाचावं. तुम्ही घरचे. तुम्हाला आवडणारच."

"मला दुसऱ्या भागात झोप लागली होती."

"तेच म्हणतेय. घरचे."

आता चालत्या डोंगरांचा नकाशा कागदावर काढणार कसा? कागदावर डोंगर एकदा काढला की बसला. सूनबाईने फळीवरचे जुने साचे उतरवले. कवळी दुरुस्तीला आली तर लागतात म्हणून ती ते जपून ठेवते. दात नसलेला जबडा पालथ्या बाजूने नीट बघा, तंतोतंत डोंगररांग दिसते. कुठे एखादा दात शिल्लक असेल तर सुळका. तिने ते साचे रंगवले आणि एका मोठ्या पाटावर मांडले. बोटाने ढकलले की डोंगर चालू लागायचे. बसचालकाचा डोंगर दोन सुळक्यांचा होता. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा मधोमध खचलेला. आणि सगळ्यांच्या पुढे एक उंच, सुरीसारख्या धारेची रांग. ती निघाली की बाकीच्यांनी निघायचं, असा त्या जगाचा कायदा. तो जबडा गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा होता. हे सूनबाईने सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाचं तोंड कुठलं ते विचारत नसू.

सगळं तयार झालं. शेवटच्या कागदावर सही करायची होती. त्यावर लिहिलं होतं की यातली प्रत्येक गोष्ट माझी स्वतःची आहे, आणि दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर ते त्याला विचारून घेतलं आहे. सूनबाईने पेन उघडलं आणि परत मिटलं.

"डोंगर माझे नाहीत."

"अगं, प्लास्टर तुझं, रंग तुझा," मुलगा म्हणाला.

"जबडे त्यांचे."

"जबडे त्यांच्यापाशीच आहेत की! तू काय उचलून आणलंस?"

"घाट त्यांचा आहे. मी नाही घडवला."

"बरोबर आहे तिचं," आमची ही म्हणाली. "उद्या कुणी माझ्या नाकाचा डोंगर केला, तर मला विचारायला नको?"

"इतका मोठा डोंगर स्पर्धेच्या नियमात बसणार नाही," मी म्हणालो. त्या संध्याकाळी माझा चहा मीच केला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या स्कूटरवर मागे बसून मी परवानग्या गोळा करायला निघालो. वयस्कर माणूस बरोबर असला की लोक नाही म्हणायला लाजतात, हा माझा सल्ला. बसचालक डेपोत भेटला. त्याला आनंदच झाला.

"माझा डोंगर? केवढा आहे?"

"मध्यम."

"मध्यम का?" असं म्हणून त्याने तोंड उघडून पुरावाच दाखवला. डोंगर बोटभर वाढवायचं ठरलं तेव्हा सही मिळाली.

ट्रम्पेटवाल्याचं वेगळंच. त्याच्या सख्ख्या भावाचा जबडाही पाटावर होता आणि दोघांची बोलाचाल बंद होती.

"तो चालत चालत माझ्याकडे आला तर?"

"तुमचाही डोंगर चालतो ना, तुम्ही उठून जायचं," सूनबाई म्हणाली.

"हां. मग करतो सही."

भावाने अगदी हीच अट घातली. त्या दोघांचं इतकं एकमत वर्षानुवर्षांत झालं नसेल.

राहिल्या बाई. दार त्यांनीच उघडलं. गावातली पिढीच्या पिढी त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांना हसताना पाहिल्याचं कुणी सांगत नाही. आमचे चिरंजीव अजूनही त्यांच्या गल्लीतून जाताना शर्ट आत खोचतात. सूनबाईने डोंगर, स्पर्धा, सही सगळं सांगितलं. बाईंनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"मला कवळी आहे हे किती जणांना माहीत होतं?"

"मला आणि डॉक्टरांना, बाई."

"आणि हे कोण?"

"माझे सासरे."

"म्हणजे आता तिघांना," बाई म्हणाल्या. "परवानगी नाही." आणि त्यांनी दार लावलं, तेही आवाज न करता. आपटलं असतं तर आम्हाला बरं वाटलं असतं.

सूनबाईचा चेहरा पार पडला. "बाबा, चुकलंच माझं. तुम्हाला बरोबर न्यायलाच नको होतं."

"तुझ्या सासूचं पहिल्यापासून हेच मत आहे," मी म्हणालो; पण ती हसली नाही.

तिने घरी येऊन बाईंचा डोंगर पाटावरून उचलला, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. पुढारीच गेल्यावर मागचे सगळे बसून राहिले. डोंगर बसले तर पत्ते जागच्या जागी, आणि पत्ते जागच्या जागी तर टपालवाल्यांना कसली मर्दुमकी? हाताने नवा डोंगर घडवून पाहिला. तो हुबेहूब डोंगर दिसत होता आणि तेच वाईट झालं, कारण बाकीचे डोंगर माणसांसारखे दिसत होते. मग मी माझा जबडा देऊ केला. तिने माप घेतलं, साचा काढला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"बाबा, राग मानू नका. हा उंचवटा आहे."

"चालवून चालवून झिजलंय तोंड," ही आतून म्हणाली.

स्पर्धेचा शेवटचा दिवस उजाडला. सूनबाई सकाळपासून कुणाच्या तरी दाढा घासत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "अर्धं जग पाठवून काय करू?" मुलगा कामावर निघताना म्हणाला, "सही ठोक आणि पाठव, नाही म्हणणाऱ्याला कोण सांगायला जातंय?" ती म्हणाली, "सही मला करायची आहे."

दुपारी दारात बाई उभ्या. रुमाल तोंडाशी.

"कवळी टोचते," म्हणाल्या. "पहिल्यापासून टोचते. बोलताना घसरेल अशीही धास्ती असते."

"मग एवढे दिवस सांगितलं का नाही?"

"कवळी आहे हेच सांगायचं नव्हतं, तर ती टोचते हे कुणाला सांगणार?"

मी न सांगता उठलो आणि आतल्या खोलीत गेलो. मधे फक्त पडदा आहे. घर माझं आहे, कान कुठे ठेवणार?

सूनबाईने कवळी तपासली. बाईंच्या हिरडीची कड पातळ आणि धारदार, त्यावर कडक कवळी बसली की रुतणारच. डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि आतून मऊ अस्तर लावायला घेतलं. ते घट्ट व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ बाई दातांविना, रुमालाआड.

"तो डोंगर," रुमालामागून आवाज आला, "काय करतो तुमच्या खेळात?"

"ऐकता?"

"पहिल्यापासून वाचा."

सूनबाई वाचू लागली. बाई मधे मधे "हळू" म्हणायच्या, नाहीतर "पुढे". टपालवाल्यांना रजा कधी, असं एकदा विचारलं. रजेचा नियम नव्हता. तो तिथल्या तिथे झाला. मग पुढारी डोंगर आला. त्याच्या धारेवर कुणी वस्ती करत नाही. कुठे जायचं ते त्या एकट्याला ठाऊक. मागचे सगळे त्याच्या भरवशावर चालतात आणि तो कधी मागे वळून बघत नाही.

मी पडद्याला आणखी जवळ गेलो.

"बघतो," बाई म्हणाल्या. "सगळे झोपले की बघतो. कोण मागे राहिलं ते बघतो. तेवढं लिहा."

सूनबाईने लिहिलं. पेनचा आवाज आला, त्याच्या आधी नाक ओढल्याचा.

पुढे राक्षसिणीचा भाग होता. ती टपालवाल्याला खायला उठते आणि आधी त्याला हातपाय धुऊन यायला सांगते. तोवर कवळी तयार होऊन बाईंच्या तोंडात गेली होती. पडद्यामागून मला एक अनोळखी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. बाई हसत होत्या. कवळी जागची हलली नाही.

"बाहेर या आता," त्या मला म्हणाल्या. "सगळं ऐकलंत ना? माझं नाव कुठे येता कामा नये. बाकी काय ते लिहा." आणि सूनबाईकडे वळून, "डोंगर आणा."

तो कपाटातून निघाला आणि पाटावर आपल्या जागी बसला. फोटो काढायचा होता; त्याआधी बाईंनी परवानग्यांच्या कागदांवरून कुठला डोंगर कुणाचा ते पाहून घेतलं. इतक्यात मुलगा कामावरून आला आणि पुढच्या खोलीत बाई दिसताच दारातच ताठ उभा राहिला.

"असा उभा काय राहतोस? ये. तो ट्रम्पेटवाला भावाला टेकलाय, बाजूला सरकव."

त्याने सरकवला. बाईंनी एका बोटाने आपला डोंगर पुढे ढकलला, मग मी बसचालकाचा, मग हिने आणखी कुणाचा. पाटभर डोंगर निघाले. पहिल्या फोटोत सगळ्यांचे हात आले, म्हणून दुसरा काढावा लागला. परवानग्यांच्या गठ्ठ्यावर बाईंची सही चढली. मग सूनबाईने पेन उघडलं, सही केली आणि सगळं जग पाठवून दिलं.

बाईंनी कागद हातात घेऊन तिची सही निरखली. "अक्षर बरं आहे," म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.