पूर्ण खुराक

अनघाने नळीतून अन्न सोडणाऱ्या पंपावरचा आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"ताशी वीस मिली? मांजराचं पिल्लू पाळलंय का यांनी?"

पलंगावर तिचे बाबा, चंद्रकांतराव, बेशुद्ध होते. न्यूमोनिया झाला म्हणून काल रात्री व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. ड्यूटीवरचा डॉक्टर आशिष नम्रपणे म्हणाला, "मॅडम, धीरे-धीरे बढ़ाएँगे। पहले कितना खा रहे थे, पता नहीं।"

"मुझे पता है। दूध, अंडा, दोनों वक़्त पूरा खाना।"

काय ही दीडशहाणी जमात! लखनौच्या संशोधन संस्थेत अनघाची हयात आयसीयूतल्या रुग्णांच्या आहारावर काम करण्यात गेली होती. उपाशी ठेवलेला रुग्ण लवकर सावरत नाही, हे तिने परिषदा गाजवून सांगितलं होतं. आणि हा कालचा पोरगा तिच्यासमोर अक्कल पाजळत होता. बाबा खंगलेले दिसत होते ते आजारानं. एवढंही यांना कळू नये!

"आज ही पूरी खुराक दीजिए। नहीं तो आपके सर से मैं बात करती हूँ।"

आशिषने मुकाट्याने पंपाकडे हात नेला.

"अनू, थांब," पायथ्याशी उभी असलेली आई म्हणाली. "हे दिवाळीपासून जेवतच नव्हते गं. चहा-टोस्टवर होते. घास उतरत नाही म्हणायचे."

"काय? मी रोज फोनवर विचारत होते!"

"तुला हवं ते सांगायचे. एकदा दूध नको झालं, तर अडाणी म्हणालीस त्यांना. चारचौघांत. रेल्वेचे पूल बांधलेल्या माणसाला."

तिच्या अलीगंजहून आई-बाबांचं तेलीबाग असं कितीसं लांब? एकदा जाऊन ताटात डोकावली असती तरी कळलं असतं. आणि खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं, तर हृदय बंद पडू शकतं, हेही तिनेच परिषदांतून सांगितलं होतं. मोठ्या तोऱ्यात.

आशिषला मराठी कळत नव्हतं. त्याचं बोट बटणावरच होतं.

"बढ़ा दूँ, मॅडम?"

"नहीं! नहीं... और कम कर दीजिए। घर पर कुछ खा नहीं रहे थे। मुझे... पता नहीं था।"

त्याने लगेच आकडा उतरवला आणि रक्ततपासणी सांगायला तो सिस्टरकडे गेला. आईने अनघाचा दंड धरला, तिला जरा बाजूला ओढलं.

"शुद्धीवर आले की ओरडू नकोस हं त्यांच्यावर," ती कुजबुजली. "आणि मी सांगितलं, हे कळू देऊ नकोस."