फेस्टीची फुंकर

"हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हटल्याशिवाय फेस्टी मॅनियन गोष्टीला हात घालत नसे, आणि त्याच्या सगळ्या गोष्टी त्याच्या बापाच्या. बटाट्यांना सकाळचं ऊन मिळावं म्हणून बापाने म्हणे अख्खा डोंगर दोरीने ओढून हातभर बाजूला सरकवला होता. खरं तर फेस्टी जन्मायच्या दोन महिने आधीच समुद्राने बापाला नावेसकट गिळलं होतं. गावाला ते ठाऊक होतं. तरी सत्तर वर्षांत कुणी फेस्टीला टोकलं नव्हतं.

बाप न पाहिलेल्या माणसाच्या फुंकरीला गुण असतो, हेही गावाला ठाऊक होतं. म्हणून बार्बरा फोलनच्या तान्ह्याचं तोंड आलं, जीभ पांढरीफटक पडली आणि त्याने अंगावर प्यायचं सोडलं, तेव्हा तिची सासू फेस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. तीन सकाळी, उपाशीपोटी, बाळाच्या तोंडात फुंकर घालायची. बदल्यात काही घ्यायचं नाही. आणि आभाराचा शब्द तर कुणी काढायचाच नाही. काढला की गुण गेला.

पहिल्या दोन्ही सकाळी बाळ नुसतं कण्हलं. घरी परतल्यावर फेस्टीला चहाही गोड लागेना. जन्मभर थापा मारल्या, त्यात ही फुंकरही थापच निघाली तर?

तिसऱ्या सकाळी त्याने फुंकर घातली. बार्बराने बाळाला छातीशी धरलं. ते चुळबुळलं, थांबलं, आणि मग चुटूचुटू ओढायला लागलं. सासूने पाठ फिरवून डोळे पुसले. बार्बराचे ओठ थरथरले. त्यांवर कोणता शब्द येतोय हे फेस्टीने ओळखलं.

"हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही," तो घाईघाईने म्हणाला, "पण लहानपणी माझं तोंड आलं होतं, तेव्हा बापाने काय केलं ठाऊकाय? मला खांद्यावर घेतलं, चालत समुद्र ओलांडला, आणि पलीकडच्या वाऱ्याचीच मानगूट धरली, घाल म्हणाला माझ्या पोराच्या तोंडात फुंकर. अजून आठवतंय, बापाची दाढी टोचत होती मला."

ओठांवर आलेला शब्द बार्बराने गिळला. तिने बाळाच्या हलणाऱ्या गालावरून बोट फिरवलं.

"पुरे झाल्या थापा, फेस्टीकाका," ती म्हणाली. "बाप तुम्ही पाहिलाच नाहीत कधी. म्हणून तर पितोय हा."