लाल ट्रॅक

दर्शनाचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मुलुंडच्या त्या सोसायटीत वॉकिंग ट्रॅकवर लाल डांबर टाकायचं होतं आणि साइट तिच्या अंगावर. नुसता रंग ठरवायलाच कमिटीने चार मीटिंगा खाल्ल्या होत्या.

साडेदहाला पहिला डंपर आला. ताडपत्री काढली, तर आत चॉकलेटी माल.

“हे लाल आहे?”

“लालच आहे ना मॅडम, जरा सावळं,” ड्रायव्हर म्हणाला.

“मिक्सर न धुता भरलंत! आधीचं काळं डांबर उतरलंय यात. न्या परत.”

दुसरा डंपर यायला दोन वाजले. माल गेरूसारखा लाल होता, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तोवर रोलर चालवणाऱ्या दादूकडून तिने रोलर दोनदा घासून घेतला होता. काळा डाग उठायला नको. दादू पुटपुटला खूप, पण ट्रॅक त्याने असा सपाट दाबला, की वर ठेवलेली सुपारीही घरंगळली नसती.

दर्शनाने दोन्ही टोकांना दोरी बांधली. “गरम आहे. संध्याकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही,” असं तिने प्रत्येकाला सांगितलं. चेअरमन अण्णांना तर तीनदा.

ती पाणी प्यायला वळली आणि अण्णा दोरीखालून आत शिरले. हातात मोबाइल, त्यात कॅटलॉगचा फोटो. रंग जुळतोय का बघायचं होतं त्यांना!

“अण्णा, बाहेर या!”

ते दचकून मागे सरले. एक चप्पल तिथेच रुतली. दादूने ती उपटली, तर खाली बोटभर खड्डा आणि काळा ठसा. खड्डा भरावा, तर उरलेला माल एव्हाना गार झाला होता. तिने डांबराच्या प्लांटला फोन लावला. “एका घमेल्यासाठी कोण डंपर पाठवतो, मॅडम?” म्हणून तिकडचा माणूस हसला.

संध्याकाळी कमिटीतल्या सपनाताई बघायला आल्या. “हे काय झालं?”

“रोलरवाल्याचा निष्काळजीपणा,” अण्णा चटकन म्हणाले.

दादूने मान खाली घातली. सोसायटीचं पुढचं कामही दर्शनाच्याच कंपनीला हवं होतं. गप्प बसणं शहाणपणाचं. पण आता तिच्यात शहाणपण उरलं नव्हतं.

“नाही ताई. हा पाय अण्णांचा आहे. दादूचं काम बघायचं असेल तर बाकीचा ट्रॅक बघा.”

अण्णा काहीबाही बोलत लिफ्टकडे गेले. सपनाताई वाकून ट्रॅकवर हात फिरवत राहिल्या. “झकास झालाय रे,” त्या दादूला म्हणाल्या.

दर्शनाने हेल्मेट काढलं आणि पायरीवर फतकल मारली.