फाटकावरची अविभाज्य संख्या

नरडाण्याच्या लोटनमामांनी भुसावळच्या एका अंकशास्त्र्याकडून बारा आकडी संख्या आणली आणि भावांच्या सामाईक वाड्याच्या फाटकावर रंगवून घेतली: ७०१०२०३०४००७. खाली लिहिलं, ‘अविभाज्य संख्या, अविभाज्य कुटुंब.’

“हाऊ आकडा मूळ शे,” मामा मला म्हणाले. “शेवटला आकडा सात शे. कोन भागी?”

वा, काय ती सिद्धता! भाची शाळेत गणित शिकवते, हे अर्थातच त्यांना आठवायची गरज नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या अंकांची बेरीज केली. चोवीस. म्हणजे संख्येला तीनने भाग जातो, बाकी शून्य.

“हाऊ तीन कुठून उना?” मामा उखडले.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. तिन्ही मामांच्या तीन चुलींवरची तीन भरितं माझ्यापुढे आली आणि मी आधी कुणाचं खाते हे बघत तिन्ही माम्या उभ्या राहिल्या.