हत्तिणीला कंठ फुटला

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात राखाडी ताडपत्रीखाली जे मोठे धूड झाकलेले असायचे, तीच मी. कागदोपत्री मी एक एसयूव्ही आहे. उंच चाकांची, चौकोनी चेहऱ्याची आणि आता चांगलेच वय झालेली. पण या घरात मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. माझा बांधा बघून घरच्या आईंनी पहिल्याच दिवशी मला 'हत्तीण' म्हटले आणि तेच नाव चिकटले. मला त्याचा राग नाही. ठेंगण्या, चकचकीत गाड्यांच्या रांगेत उभी राहिले की उलट जरा ताठाच चढतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातले फारसे आठवत नाही. उडणाऱ्या ठिणग्या, ताज्या रंगाचा वास आणि माझे दार उघडून-मिटून समाधानाने मान हलवणारा एक माणूस, एवढेच. माझे खरे आयुष्य बाबांनी मला घरी आणल्यापासून सुरू झाले.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपांची देखभाल करायचे. पंपघरे कुठे असतात? वस्तीपासून लांब, नदीकाठी, नाहीतर टेकडीच्या पोटात. जिथे चांगला रस्ता संपायचा तिथून माझे काम सुरू व्हायचे. पाठीवर पाइप, हत्यारांची पेटी, कधी भलीमोठी मोटर, आणि पुढे शीळ घालत बाबा. चिखलात चाक रुतले तर ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत. 'चल गं, एवढंच राहिलंय,' म्हणायचे, आणि मी निघायचे.

पंपघरात सदा ओल. तिथले लोखंड कसे कुजते ते रोज बघून बाबांनी गंजाशी उभा दावा मांडला होता. दर वर्षी ते सुट्टी काढून माझ्या खाली आडवे व्हायचे आणि रेड ऑक्साइडचा तांबडा रंग लावायचे. हात पोचेल तिथे रंग! सीटखालच्या पट्ट्या, दारांच्या आतली बाजू, डॅशबोर्डमागचे लोखंड, जे जन्मात कोणाला दिसणार नव्हते, तेसुद्धा. रंग वाळला की पुन्हा एक हात. आई दारातून म्हणायच्या, "अहो, उरला असेल तर स्वतःलाही फासून घ्या. गुडघे कुरकुरतात तुमचे." बाबा हसायचे, पण कुंचला थांबायचा नाही. माझ्या वयाच्या किती गाड्या भंगारात गेल्या! मी मात्र खणखणीत राहिले, ती त्या कुंचल्याच्या जिवावर.

मग बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. नजर कडेकडेने विझत गेली. त्यांनी घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला तेवढे कळले होते, कारण वळणावर त्यांचा हात आता चाचपडायला लागला होता. शेवटी एका दुपारी त्यांनी मला फाटकाच्या खांबावर घासले. खाली उतरून त्यांनी माझ्या दारावरचा पोचा बोटांनी तपासला, बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि किल्ली आत नेऊन खिळ्याला अडकवली.

त्या दिवसानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते शहाणपणाचेच झाले. पण ते शेजारच्या सीटवरही बसेनात, हे मला फार लागले. आईंनी समजावून बघितले, तर म्हणाले, "माझ्याच गाडीत मी सामानासारखा बसू होय? इथून उचला, तिथे ठेवा?"

त्यांची लेक पुढच्या खोलीत शिवणकाम करते. पडदे, कोट, शाळेचे गणवेश. कापडाचे गठ्ठे आणायला लागतात म्हणून ती मला चालवायला शिकली. दर वेळी निघताना विचारायची, "बाबा, येता का?" कधी बाबांचे गुडघे दुखायचे, कधी डोके, कधी नुसताच कंटाळा. हळूहळू ते फाटकाबाहेर पडेनासेच झाले. डॉक्टरकडे जायचे तेवढे भाड्याच्या गाडीतून, आणि तेही माझ्या नाकासमोरून! मित्रांनो, इतकी वर्षे ज्यांना पाठीवरून मिरवले, त्यांनी असे परक्यासारखे शेजारून जावे, याचे दुःख कोणाला सांगणार? ताडपत्रीखाली मी गप्प असायचे. माझा टेपसुद्धा मुका झाला होता. शेवटची कॅसेट त्याने चावून गिळली होती.

एक दिवस लेकीने मला गाड्यांच्या टेप-स्पीकरच्या दुकानासमोर उभे केले. काचेतून मला सगळे दिसत होते. दुकानदाराने एकाहून एक मोठे पडदे असलेले स्टिरिओ मांडले. बोट लावले की चित्र बदलायचे. लेकीने काय करावे? डोळे घट्ट मिटले आणि त्या गुळगुळीत काचेवर बोटे फिरवू लागली. दुकानदार घाबरलाच.

"ताई, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. पण यात आवाज कुठे वाढवायचा ते बोटांना कळत नाही. गोल फिरवायचं बटण असलेला नाही का?"

"तसे आता कोणी घेत नाही हो," म्हणत त्याने आतून धुळीने भरलेला एक खोका आणला. त्यातल्या स्टिरिओला चांगले ठसठशीत गोल बटण होते. लेकीने पुन्हा डोळे मिटून ते फिरवले आणि खूश झाली. "वायरींचं जुनं सॉकेट कापून टाकतो आणि तासाभरात बसवून देतो," दुकानदार म्हणाला. "बसवायचं आमचं आम्ही बघू," म्हणून तिने खोका, चार स्पीकर आणि जुन्या सॉकेटला न कापता जुळणारा मधला जोड उचलला. मी मनात म्हटले, पोरगी शिवणकाम करते, हिला हे काय सुचले!

काय सुचले ते घरी कळले. ती बाबांना म्हणाली, "दुकानदार हत्तिणीचं सॉकेट कापणार म्हणत होता."

बाबा खुर्चीतून उठलेच. "कापणार? कारखान्यातून आलेली वायरिंग कापणार? त्याच्या बापाची गाडी आहे का?"

"म्हणून तर परत आणली. पण मला कुठे येतंय ते?"

बाबा काठी टेकत अंगणात आले आणि माझी ताडपत्री स्वतः ओढून काढली. त्यांचा तळहात माझ्या बॉनेटवर टेकला तेव्हा काय वाटले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता वायरींना तर रंग असतात, आणि बाबांना रंग दिसत नव्हते. लेकीने चिंध्यांची पिशवी आणली. जी वायर बॅटरीवर कायम चालू राहायची, त्या पिवळीला तिने मखमलीची चिंधी बांधली. किल्ली फिरवल्यावर जागी होणाऱ्या लालला सुती, आणि काळ्या अर्थिंगच्या वायरीला जाड कॉर्डुरॉय. स्पीकरच्या वायरींना साटीन, लोकर, जाळी, जे हाताला लागेल ते. बाबांनी एकेक चिंधी चिमटीत धरून ती कोणती वायर ते सांगितले. त्यांचे एकदाही चुकले नाही. मित्रांनो, वायरींचे असे नटणे मी कुठल्याही गॅरेजात पाहिलेले नाही. कौतुक कोणाचे करावे, चिंध्या बांधणारीचे की ओळखणाऱ्याचे?

"आधी बॅटरीची वायर काढ," बाबांनी बजावले. मग डॅशबोर्डची पट्टी निघाली. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतील म्हणून लेकीने आपली लाकडी फूटपट्टी कापडात गुंडाळून वापरली. जुना टेप बाहेर आला, त्याच्या पोटात ती कॅसेट तशीच. बाबा बोटांनी जोड बसवत होते, लेक पिन धरत होती. चारही दारांत स्पीकर बसले आणि एका वायरीलाही कात्री लागली नाही. शेवटी बाबांनी हात खोल घालून काळी वायर डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने आवळली.

पण मला एक गोष्ट खुपत होती. सगळे काम बाबांनी बाहेर उभे राहून केले. कंबर वाकवली, डोके आत घातले, पण पाय जमिनीवरच. सीटवर ते टेकलेही नाहीत.

बॅटरी जोडली. लेकीने बटण फिरवले, आणि माझ्या चारही दारांतून बासरी वाजू लागली! आई ओले हात पुसत धावत आल्या. "अगंबाई, हत्तिणीला कंठ फुटला!" मी तर हरखून गेले.

लेकीने इंजिन सुरू केले मात्र, बासरीच्या मागून एक बारीक, चिवट आवाज निघाला. कुंऽऽई. अॅक्सिलरेटर दाबला की आणखी चढायचा. माझी मान शरमेने खाली गेली.

"दुकानात नेऊ का?" लेकीने विचारले.

"थांब," बाबा म्हणाले. दारात उभे राहून त्यांनी कान दिला. "अर्थिंगचं दुखणं वाटतंय. पण उभ्या गाडीत नाही समजायचं. चालत्या गाडीत ऐकायला हवं."

बोलून गेले आणि स्वतःच दारापासून एक पाऊल मागे सरले. आई पदराशी चाळा करत राहिल्या. आणि त्या पोरीचे मला अजून नवल वाटते, मित्रांनो. ती 'या ना' म्हणाली नाही, हात धरायला गेली नाही. आरसा नीट करत म्हणाली, "मग मी एकटीच फिरवून आणते आणि कसा येतो ते तुम्हाला सांगते."

"तू काय सांगणार, कपाळ!" बाबा म्हणाले. त्यांनी दाराची कड चाचपली, एक पाय वर घेतला आणि शेजारच्या सीटवर बसले.

मी त्या दिवशी किती जपून निघाले म्हणून सांगू! खड्डा दिसला की माझ्या स्प्रिंगचे पाटे आधीच सावध. बाबा पुढे झुकून ऐकत होते. तो मेला आवाज माझ्या इंजिनाबरोबर चढत-उतरत होता. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "तिला ओढायला लावतेयस. खालचा गिअर टाक." पुढच्या वळणावर, "आता सोड. बघ, कशी मोकळी झाली." दिसत काही नव्हते, पण मी काय करतेय ते त्यांना लख्ख कळत होते. लेक मुकाट ऐकत होती आणि तिचे ओठ हसत होते.

"दिवे लाव," बाबा म्हणाले. दिवे लागताच कुंई बदलली आणि बासरी कापरी झाली. "अर्थिंगच. पण स्क्रू तर मीच आवळलाय!" भिंतीच्या सावलीत मला थांबवून त्यांनी डॅशबोर्डमागे हात घातला. बोटे पट्टीवरून फिरली आणि थबकली. मग ते एवढे हसले की मी हलले. "अगं, गुळगुळीत आहे हे! मीच रंगवलंय. हातावर हात देऊन रंगवलंय. वायर उघड्या लोखंडाला लागलीच नाही!" स्क्रूच्या आट्यांनी जेमतेम धरले होते, तेवढेच.

"मग खरवडा."

"कशाने? तुझी कात्री दे."

"माझी कापडाची कात्री? मुळीच नाही! धार जाईल."

"आणि माझा रंग जाईल त्याचं काय?"

दोघेही क्षणभर अडून बसले. बाप आपल्या रंगासाठी, लेक आपल्या कात्रीसाठी. मग तिने पिशवीतून कात्री काढून त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी आधी बॅटरीची वायर काढायला लावली, स्क्रू सोडवला आणि ज्या रंगाने मला इतकी वर्षे वाचवले तो नखाएवढ्या जागी खरवडला. मला दुखले नाही. बाबांना थोडे दुखले असावे.

वायर पुन्हा आवळली, इंजिन सुरू झाले. नुसती बासरी. कुंईचा मागमूस नाही.

आता मला धास्ती वाटू लागली. दुखणे बरे झाले, म्हणजे बाबांचे माझ्यातले काम संपले. घर आले. लेकीने मला फाटकाशी थांबवले. मी वाट बघत होते, आता दार उघडेल, आता काठी वाजेल. बाबा उठलेच नाहीत. गोल बटण थोडे इकडे, थोडे तिकडे फिरवत बसून राहिले.

आईंनी बाहेर येऊन विचारले, "झालं का बरं?"

"तसं झालंय," बाबा म्हणाले. "पण सपाट रस्त्यावर काय कळतं? चढावर ऐकायला हवं."

"हो की," लेक म्हणाली. "चढ राहिलाच."

"आणि मागच्या स्पीकरचं कोण ऐकणार?" बाबांनी तोंड आईंकडे वळवले. "तू बस मागे. घराला कुलूप लाव आणि ये."

आई कुलूप शोधायला एवढ्या घाईने वळल्या की चप्पल दारातच राहिली.

त्यानंतर आम्ही चढ तपासला. मग घाट, नदीचा पूल, आणि खडीचा रस्ता तर कितीदा. माझ्यात काहीही बिघाड नाही हे तिघांनाही ठाऊक आहे, पण कोणी तसे म्हणत नाही. ताडपत्री आता कापडाच्या गठ्ठ्यांवर असते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी जुने होत असेल. एखादे यंत्र, एखादा माणूस. यंत्र असेल तर झाकून ठेवू नका, चालवा. माणूस असेल तर कीव करून हात ओढू नका; त्याच्याशिवाय होणार नाही असे काम त्याला सांगा. आणि ते काम झाल्यावर तो म्हणाला, 'अजून एकदा बघू या', तर कृपा करून वेळ नाही म्हणू नका.