आत पाठवणारी घंटा

मित्रांनो, आगाशीजवळच्या आमच्या वाडीत आलात की क्रुसाशेजारच्या लोखंडी कमानीकडे मान वर करून बघा. तिथे टांगलेली जुनी, काळपट घंटा मीच. रंगावर जाऊ नका. माझा आवाज अजून केळीच्या बागांपलीकडे जातो.

भट्टीत वितळवून, मातीच्या साच्यात ओतून मला घडवलं. कारागिराने पहिला ठोका दिला आणि म्हणाला, "ही भांडखोर निघणार." त्याचं काय ऐकायचं? तेव्हापासून माझं काम बोलावण्याचं. लग्नाला, मयताला, मे महिन्यात संध्याकाळच्या रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला. मी वाजले की माणसं चपला शोधायला लागतात. पुढे मोबाइल आले, निरोप त्यावरून जाऊ लागले आणि माझ्या दोरीवर लोक ओले टॉवेल वाळत घालू लागले. मी गिळलं, पण विसरले नाही.

मग यंदा सीमेवर लढाई पेटली. आता म्हणे आत माणूस नसलेली विमानं येतात. खाली शाळा आहे की गोठा, कोण बघतं? आमच्याकडेही सराव ठरला. भोंगा वाजला की दिवे बंद करायचे आणि घरात, खिडकीपासून लांब बसायचं. भोंगा नवा, विजेवरचा, मोठ्या रुबाबाचा. सरावासाठी कुणीतरी आधी वाडीची वीजच बंद केली आणि तो मुका झाला. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण आली. वाडीतल्या फर्डिनंडने दोरीवरचा टॉवेल भिरकावला आणि मला जीव खाऊन वाजवलं.

सगळी वाडी बाहेर आली. हातात जपमाळा, काखेत चटया. उघड्या आभाळाखाली क्रुसापुढे बसलीसुद्धा. पुढच्या रांगेत ॲनी. ही म्हातारी एकटी राहते, मोबाइल वापरत नाही आणि कानांनी इतकी मंद की माझ्याशिवाय तिला काही ऐकू येत नाही.

"आजी, हा विमानांचा सराव आहे. घरात बसायचं," फर्डिनंड तिच्या कानाशी ओरडला.

"घंटा बोलावते आणि मी घरात बसू? माझं काय वाडीशी भांडण झालंय?"

"आणि खरंच बॉम्ब पडला तर?"

"मग तिला नीट बोलायला सांग. मला तेवढीच ऐकू येते."

लोक हसले. मला हसू आलं नाही. खरा हल्ला असता, तर या म्हातारीला उघड्यावर आणून बसवणारी मीच होते.

फर्डिनंडची बायको फ्लॉसी, जीभ माझ्यासारखीच. ती म्हणाली, "हिला नुसतं बोलावता येतं. हाकलायला मी शिकवते." ती स्टुलावर चढली. फर्डिनंडने ठोका दिला की ती दोन्ही हातांनी मला आवळून धरायची आणि आवाज मध्येच तोडायची. तुटका ठोका म्हणजे आत. मित्रांनो, मला मध्येच गप्प बसवण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. पण ॲनीसाठी सोसलं. फ्लॉसीने तिच्या घरी बसून तिला शिकवलं, तरी तुटका ठोका ऐकूनही म्हातारीचा पाय चपलेकडेच जायचा.

पुन्हा सराव झाला. दिवे गेले. क्रुसापुढच्या अंगणात कुणी फिरकलं नाही, पण ॲनीचं दार उघडलं. ती उंबऱ्यावर आली, हातात जपमाळ. माझा जीव टांगणीला लागला. एक तुटका ठोका. पुन्हा एक. तिने पाऊल बाहेर टाकलं. फ्लॉसीने मला इतकं आवळलं की तिच्या बांगड्या माझ्यावर खणकल्या. पुन्हा ठोका.

ॲनीने वर पाहिलं. "कळलं गं बाई, किती ओरडशील," म्हणाली, मागे वळली आणि कडी लावून घेतली.

रिकाम्या अंगणाचा इतका अभिमान मला कधी वाटेल, असं वाटलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, इशारा झाला की मोबाइल घेऊन गच्चीवर धावू नका. विमानाचा फोटो काढायला तुमचं काय लग्न आहे त्याच्याशी? आत जा. आणि जाताना शेजारचं दार ठोठावा. तिथे कुणीतरी ॲनी असेल, तिला ऐकू जाईल अशा भाषेत सांगा. तिला आत घेतल्याशिवाय आपल्या दाराला कडी लावू नका.