खाडीत राहिलेला आवाज

मी माईक बोलतोय. स्टेजवर हातात धरतात तो नव्हे. माझा जीव सुपारीएवढा, अंगावर काळं रबर, मागे लांबलचक वायर. मला पाण्यात सोडतात आणि पाण्याखालचं ऐकायला लावतात.

मला आणलं सुदेशने. कळव्यात राहणारा, कॉम्प्युटरवर संगीत करणारा पोरगा. कोलशेतला खाडीकाठी सहदेवबुवा मुलांचं भजन बसवायचे. मुलांच्या अभंगाखाली खाडीचाच आवाज वाजवायचा, असं सुदेशच्या डोक्यात आलं. बुवा आधी कुरकुरले. मग सुदेशने त्यांना मी ऐकलेलं ऐकवलं: चिखलातल्या खेकड्यांची टकटक, कारखान्याची घरघर, पुलावरच्या गाड्यांचा घुमारा. बुवांनी डोळे मिटले. "अरे, ही खाडी तर सा लावून बसलीय!"

मुलांमध्ये जयेश सगळ्यांत पुढे उभा राहायचा. त्याने वरचा सूर लावला, की त्याच्या आजीचा, मनुबाईचा, मासळी साफ करणारा हात थांबायचा. पण यंदा जयेशला मिसरूड फुटली आणि आवाजही फुटला. बुवा मायेनेच म्हणाले, "ठाण्याच्या कार्यक्रमात मागे उभा राहा, बाळा. नुसते ओठ हलव." त्यानंतर तो घरातही बोलेनासा झाला.

पुढच्याच भरतीला मी पाण्यात होतो. खेकडे एकाएकी गप्प झाले. तळातून अभंग ऐकू आला. आवाज जयेशचा. तोच, न फुटलेला.

सुदेशला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग मिसळलं. त्याने मला पुसलं, वायर बदलली, परत सोडलं. परत तेच. मी कानावर पडेल तेवढंच पुढे पाठवतो, पदरचं काही घालत नाही.

मग धक्क्यावर तालीम झाली. भर दुपारी, मी पाण्यात आणि माझा आवाज थेट स्पीकरवर. मुलांनी सुरुवात केली आणि स्पीकरमधून तो वरचा सूर निघाला.

"यो तं माज्या जयेसचा आवाज!" मनुबाई ओरडली.

जयेश मागे उभा होता, ओठ घट्ट मिटून. तो पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. "माझा आहे तो," तो म्हणाला. "घेऊन येतो."

सुदेश जागच्या जागी थिजला. बुवा धोतरासकट पाण्यात शिरले आणि त्यांनी जयेशचं मनगट धरलं. ओढलं मात्र नाही.

"आत्ता गळ्यात आहे ते गा."

"घाणेरडा येतो, बुवा."

"येऊ दे. माझं चुकलं. गा."

जयेश गायला. जाड, चिरका, मधेच तुटणारा सूर. मी दोन्ही ऐकत होतो. खालचा आवाज अडखळला, थोडा वेळ जयेशच्या मागे मागे आला आणि थांबला. जयेश पायऱ्या चढून वर आला. मनुबाईने पदराने त्याचं डोकं पुसलं.

ठाण्याच्या कार्यक्रमात जयेश पहिल्या रांगेत उभा राहून खर्जात गायला.

परवा सुदेशने मला पुन्हा पाण्यात सोडलं. जयेशचा आवाज आता तिथे नाही. पण तो थांबल्यामुळे त्याच्या मागचे आवाज ऐकू येऊ लागलेत. पोरंच आहेत सगळी. काहींच्या चाली बुवांनाही ओळखता आल्या नाहीत.

सुदेश म्हणतो, माईक बिघडला. म्हणू दे. तुमच्या घरी एखाद्या पोराचा आवाज फुटत असेल, तर त्याला गप्प बसवू नका. खाली फार गर्दी झालीय.